सेक्रेटरीपद आणि डावी कूस

गुरुवार, मटार

"अहो, तुमचं व्हायचंय का अजून? माझे अर्धे सोलून झाले."

वैजू माझ्या मांडीवर बसून मटार सोलत होती. मी गादीवर उताणा होतो. तिचा एक पाय मी माझ्या दोन्ही गुडघ्यांत अडकवून धरला होता, माझा एक हात तिच्या काखेतून पाठीकडे गेला होता आणि डोकं तिच्या बरगडीत खुपसलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवराबायको अशा अवस्थेत सापडले तर लोकांनी कौतुकच केलं असतं. पण तिच्या हातात थाळी होती आणि माझ्या तोंडून नुसता फुस्स असा आवाज येत होता.

"आता उलथवतो," मी म्हणालो.

"उलथवा. थाळी सांभाळून."

"थाळी सांभाळून कोणी उलथवतं का?"

"मग ठेवते बाजूला."

"नको! समोरच्याचं लक्ष दुसरीकडे हवं. तू सोलत राहा."

तिनं शेंग फोडली. एक दाणा माझ्या कानात पडला. मी सगळा जोर लावून उजव्या कुशीवर वळलो, हात तिच्या गुडघ्याकडे लांबवला, आणि मधे पोट आलं. नेहमीसारखंच. हात गुडघ्याच्या वीतभर अलीकडे थांबला आणि मी पुन्हा उताणा.

"रविवारी हरलात ना," वैजू शेंगेत अंगठा घालत म्हणाली, "तर बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस जेवायच्या वेळी आपल्या दारात. टाकी, टँकर, कुत्री, पार्किंग. मी एकालाही चहा विचारणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"हरणार नाही मी."

"बघतेय की."


त्याच्या आधीचा रविवार

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई मुलाकडे कॅनडाला चालल्या होत्या, म्हणून विशेष सभा बोलावली होती. नाशकातल्या आमच्या त्या तीन विंगांच्या सोसायटीत सेक्रेटरी होणं म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे चेअरमन बागूलांनी "कोण तयार आहे?" असं विचारताच हॉलमधले सगळे आपापल्या चपला न्याहाळायला लागले.

मग कारणं सुरू झाली. कोणाचं ब्लडप्रेशर. कोणाची सासू. कोणाची बदली होणार होती, म्हणजे अजून झाली नव्हती, पण होणार असं त्याला आतून वाटत होतं. मी ब्लडप्रेशरसाठी हात वर करणार तेवढ्यात ब्लडप्रेशर तिघांनी वापरून टाकलं.

आपणहून कोणी "मी होतो" म्हणायची तर सोयच नव्हती. पूर्वी एकदा ए विंगमधल्या एका भल्या माणसानं तसं म्हटलं होतं. लगेच लोक एकमेकांच्या कानाला लागले, ह्याला का व्हायचंय? काहीतरी असणार! त्याच्या मागं चौकशी समिती बसली. तिला काही सापडलं नाही, पण तो माणूस फ्लॅट विकून गंगापूर रोडला गेला.

शेवटी कारण नसलेले दोघंच उरले. एक मी, म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे वडनेरे मास्तर. दुसरा माझ्याच वरच्या मजल्यावरचा, पाटबंधाऱ्यातून नुकताच निवृत्त झालेला माझा मित्र मधुसूदन क्षेमकल्याणी. तो सभाभर छताकडे बघत होता. सुटायला बघतोय लेकाचा, असं मला वाटलं.

"चिठ्ठ्या टाका," कोणीतरी म्हणालं.

"मागच्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या होत्या," कॅनडावाल्या बाई थंडपणे म्हणाल्या. "सगळ्या चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं."

तेव्हा पहिल्या रांगेतल्या दाणी वहिनी उठल्या. सभेत कोणाचंही भलं होत असेल तर वहिनी उठत नाहीत.

"हे दोघं रोज संध्याकाळी ह्याच हॉलमध्ये एकमेकांच्या उरावर बसतात ना? मग एकदा ठरवून बसा म्हणावं. जो खाली राहील तो सेक्रेटरी."

लोक हसले. बागूल मात्र हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"ठराव चांगला आहे," ते म्हणाले. "अनुमोदन कोण देतंय?"

सगळ्यांनी दिलं.


उरावर बसण्याविषयी

ते खरं होतं. माझ्या कंबरेसाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता आणि क्षेमकल्याणीला संध्याकाळ खायला उठायची. सोसायटीच्या हॉलमध्ये मानसी गावंडे नावाची अकोल्याची मुलगी ब्राझिलियन जिउजित्सूचा वर्ग घ्यायची. आम्हाला वाटलं, योगासनांचाच काहीतरी परदेशी प्रकार असेल. पहिल्याच दिवशी जाड पांढरा डगला आणि तसलीच ढगळ विजार घालून एकमेकांच्या गळ्यात पडायला लागलं, तेव्हा कळलं की ही कुस्ती आहे, फक्त चितपट झाल्यावर संपत नाही. तिथून सुरू होते.

आमच्या वयाचं आणि वजनाचं तिथं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही कायम एकमेकांच्या वाट्याला. तो लांब हातापायांचा, मी बुटका आणि पोटाळ. पाऊण वर्षात एकही दिवस असा गेला नाही की शेवटी तो वर आणि मी खाली नाही. वर्गात मला फक्त छत आणि क्षेमकल्याणीच्या नाकपुड्या बघायची सवय होती.

खालच्या माणसानं वरच्याचा निदान एक पाय आपल्या दोन पायांत पकडून ठेवला, तर त्याला हाफ गार्ड म्हणतात. अर्धा बचाव. तिथून वरच्याला उलथवून आपण वर जायचं, तो स्वीप. मला अर्धा बचाव उत्तम यायचा. स्वीप यायचा नाही.

सभा संपल्यावर नियम मानसी मॅडमनीच ठरवला. वयानं ती माझ्या विद्यार्थिनींच्या पोरीसारखी, पण मॅटवर मी तिला मॅडमच म्हणायचो.

"हाफ गार्डातूनच सुरू करू," ती म्हणाली. "काका खाली, क्षेम काका वर, रोजच्यावानी. पाच मिनिटांत वडनेरे काका वर आले, तर क्षेम काका सेक्रेटरी. नाही आले, तर वडनेरे काका."

"म्हणजे मी सेक्रेटरी झाल्यातच जमा आहे, मॅडम."

"काहून? आठ दिवस हायेत ना बाप्पा!"


कृती (मॅडमची)

एक सडपातळ माणूस घ्यावा. त्याला उजव्या कुशीवर वळवावं. डावा हात वरच्याच्या काखेतून घालून पाठीवर घट्ट बसवावा. डोकं त्याच्या छातीखाली सरकवावं. मग उजवा हात लांब करून त्याचा पलीकडचा गुडघा कवेत घ्यावा आणि दोन्ही एकत्र ओढत गुडघ्यांवर यावं. वरचा आपोआप कलंडतो. आवडत असल्यास हसावं.


कृती (माझी, सोमवार ते बुधवार)

एक वडनेरे घ्यावा. उजव्या कुशीवर वळवावा. त्याला तिथं श्वास घेता येत नाही. तरी वळवावा. हात लांब करावा. गुडघा येत नाही. आणखी लांब करावा. पोटरीत गोळा येतो. सोडून द्यावं. पुन्हा

बुधवारी मी मॅटवर पाय धरून ओरडत असताना मॅडम माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"काका, तुम्ही मी दाखवलं तसंच्या तसं काहून करता?"

"तुम्ही शिकवलंत म्हणून."

"मी तुमाले रेडिमेड शर्ट दाखवला. पोट तुमचं हाय. तुम्हीच उसवा अन् तुम्हीच बसवा."

मला हे पटलं नाही. माझं सगळं आयुष्य पाठ्यपुस्तकात असेल तसं फळ्यावर उतरवण्यात गेलं होतं. नदी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते म्हटलं की ती तशीच वाहिली पाहिजे. वर्गातल्या कोणा बुटक्या पोराच्या सोयीसाठी तिला उलटी फिरवायची नसते.


परत गुरुवार, परत मटार

"तुम्ही ह्या कुशीवर का वळताय?" वैजूनं विचारलं.

"तशीच रीत आहे."

"पण तुम्हाला ह्या कुशीवर कुठं काही जमतं? सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की डाव्या कुशीवर जे पडता, ते चहापर्यंत. आणि बेल वाजली की उठता कसे, माहितीये?"

"कसा उठतो?"

"हात न टेकता. आधी पोट पुढं पडतं, मग पोटामागनं तुम्ही येता. मी कितीदा बघितलंय. एखादं पोतं ट्रकमधून उतरावं तसं."

हे तिनं मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, आणि मी स्वतःला उठताना पाहिलेलं नव्हतं.

"पाय बदल," मी म्हणालो. "दुसरा दे."

"आता काय?"

"दे गं!"

तिनं दुसरा पाय दिला. मी डाव्या कुशीवर वळलो. आणि पाऊण वर्षात पहिल्यांदा मला हाफ गार्डात श्वास आला. नुसता आला नाही, चांगला पोटभर आला. गुडघा अजूनही लांबच होता, पण गुडघ्यावरची साडी जवळ होती. मी गुडघ्याचा नाद सोडला आणि निऱ्यांच्या बाजूचं कापड मुठीत धरलं. मग बेल वाजली असं मनात आणलं.

पोट पुढं पडलं.

वैजू त्याच्यावरून लोडावरून घसरावी तशी पलीकडे गेली. थाळी उडाली. मटार गादीखाली, कपाटाखाली, टीव्हीच्या मागे. मी वर होतो. मला खोलीचा पंखा दिसत नव्हता. बायकोचा चेहरा दिसत होता, वरून.

"अहो, मटार!"

"वैजू, आला!"

"काय आला? उठा आधी."

मी उठलो. तिनं पदर सारखा केला, सोललेल्या दाण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रिकामी थाळी टेबलावर ठेवून पुन्हा येऊन बसली.

"पुन्हा करा बरं," ती म्हणाली. "मला नीट कळलं नाही मी पडले कशी."


कृती (दुरुस्त)

माणूस जसा असेल तसा घ्यावा.


रविवार

अख्खी सोसायटी हॉलमध्ये. पुढच्या खुर्च्यांवर म्हातारी मंडळी, दाणी वहिनींच्या मांडीवर शेंगदाण्यांचा डबा. बागूलांनी सुरुवातीला गणपूर्ती झाल्याचं जाहीर केलं. मी मॅटवर आडवा झालो, क्षेमकल्याणी माझ्यावर, त्याचा एक पाय माझ्या पायांत. मॅडमनी टाळी वाजवली.

पहिलं मिनिट मी मुद्दाम उजव्या कुशीवर काढलं, त्याला नेहमीचं वाटावं म्हणून. मग झटकन पाय बदलले, डावीकडे वळलो, त्याच्या विजारीचं कापड मुठीत धरलं आणि पोट सोडलं.

तो गेला. असा गेला की मीच दचकलो. धाडकन पाठीवर, दोन्ही हात पसरून. टाळ्या पडल्या. वैजू खुर्चीवर उभी राहून ओरडली. मागून कोणीतरी "क्षेमकल्याणी साहेबांचा विजय असो" म्हणालं. म्हणजे सेक्रेटरी तेच, असा अर्थ. मी सुटलो होतो.

पण मी त्याच्या छातीवर बसलो होतो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. पाऊण वर्ष रोज हा माणूस माझ्या अंगावर पडून होता. त्याचं वजन मला माझ्या चष्म्याच्या नंबरासारखं पाठ होतं. कलंडताना ते वजन नव्हतं. एखादी उघडीच कडी आपण जोर लावून उघडावी, तसं झालं होतं.

मी त्याच्या कानाशी वाकलो. लोकांना वाटलं, मोठेपणानं काहीतरी बोलतोय.

"तुझं वजन कुठं ठेवून आलास रे?"

"कसलं वजन? पाडलंस तू. शाबास."

"क्षेमकल्याणी, खरं सांग."

त्यानं डोळे मिटले. "हळू बोल," तो म्हणाला. "मला व्हायचंय सेक्रेटरी."

"काय?"

"हळू बोल म्हटलं ना. त्या सभेत बोललो असतो तर माझ्यावर समिती बसली असती. अरे, ही पोरीकडे बंगलोरला जाऊन चार महिने झाले. सकाळी पेपरवाला येऊन गेला की दार वाजत नाही. ऑफिसात माझ्या टेबलापुढे शेतकरी रांग लावून मला शिव्या द्यायचे. आता शिव्या द्यायलासुद्धा कोणी येत नाही, मास्तर."

कोणाही शहाण्या माणसाला इथं गहिवरून आलं असतं. त्याला पद हवं होतं, मला नको होतं. दोघांचंही झालं होतं. लोक टाळ्या वाजवत होते. फक्त उठून हात मिळवायचा होता.

"आणि माझा स्वीप?" मी म्हणालो.

"तुझा काय?"

"सोमवारपासून धडपडतोय मी! मटार गेले त्यात! आणि तू नुसता पडलास?"

"चांगला होता की स्वीप."

"तुला काय माहीत? तू अडवलासच नाहीस."

"मास्तर, वेड लागलंय का? मिळतंय ते घे आणि घरी जा."

"नियम उलटा केला तर अडवशील?"

त्याच्या ध्यानात आलं. "मग मी तुला उठूच देणार नाही," तो म्हणाला.

"तेच हवंय मला."

मी उभा राहिलो आणि हात वर केला. "चेअरमनसाहेब, हा निकाल मला मान्य नाही. पुन्हा घ्या. आणि ह्या वेळी जिंकणारा सेक्रेटरी. मी वर आलो तर मी. हे वर राहिले तर हे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. दाणी वहिनींनी शेंगदाणा तोंडाशीच थांबवला.

"ह्यांना का व्हायचंय?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "टँकरवाल्याशी काही आहे का हो तुमचं?"

"अहो!" वैजू खुर्चीवरून उतरली. "तुम्ही जिंकलात ना? मग हे काय मधेच?"

"तो खरा नव्हता, वैजू."

"खरा नसेना! सुटलात ना?"

बागूल विचारात पडले होते. "एका ठरावावर दुसरा ठराव घेता येतो," ते शेवटी म्हणाले. "अनुमोदन?"

दाणी वहिनींनी दिलं.


दुसरी टाळी

ह्या वेळी तो आला तो डोंगरासारखा. गुडघे फाकवून, छाती टाकून, हनुवटी माझ्या कपाळावर. आलं. सगळं वजन आलं. इतका आनंद मला त्याच्या वजनाचा पूर्वी कधी झाला नव्हता.

उजवी कूस. श्वास बंद. डावीकडे वळायला लागलो, त्यानं खांदा दाबून परत उताणं केलं.

"नाही म्हणजे नाही, मास्तर," दात खाऊन.

पुन्हा डावीकडे. पुन्हा उताणा.

"काका, श्वास सोडा ना बाप्पा! सोडा!"

श्वास सोडला. पोट बसलं. त्याला वाटलं मी दमलो, आणि तो आणखी पुढे सरकला, अगदी माझ्या पोटावर. तेवढ्या फटीत मी वळलो. डावी कूस. हवा. त्याची विजार मुठीत.

"मास्तर, नको ना रे." अगदी हळू. "प्लीज."

ऐकलं मी. नीट ऐकलं. मुठीत कापड होतं आणि ते सोडलं असतं तर त्याचं घर भरलं असतं आणि माझं रिकामं राहिलं असतं, जसं दोघांना हवं होतं तसं. पण त्याच क्षणी मला जाणवलं की जमतंय. तो पूर्ण ताकदीनं दाबत होता आणि तरी जमत होतं. असं आयुष्यात फार वेळा होत नाही. माझं तर तोवर एकदाही झालं नव्हतं. आज दहाबारा वर्षांनीसुद्धा मला विचाराल तर मी म्हणेन, त्या वेळी पोटाला थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

पोट पुढं पडलं. त्याच्यामागनं मी गेलो.

तो पाय रोवून थांबला, टाचेनं मॅट ओरबाडली, माझ्या कॉलरला लोंबकळला, आणि मग हळूहळू, एखादं जुनं कपाट दोघातिघांनी आडवं करावं तसा, माझ्यावरून पलीकडे गेला.

"पल्टी!" मॅडम किंचाळली. "काकानं पल्टी केली! माह्याच्यानं नाही होत अशी!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांना कळेना कोणाचं अभिनंदन करायचं. बागूल घड्याळ बघून उभे राहिले आणि म्हणाले, "वडनेरे मास्तर एकमतानं सेक्रेटरी." वैजूनं कपाळाला हात लावला आणि तशीच खाली बसली.

मी क्षेमकल्याणीच्या छातीवर होतो. तो छताकडे बघत धापा टाकत होता. पाऊण वर्ष मी त्याला खालून बघत आलो होतो. वरून तो बराच म्हातारा दिसत होता.

"हा खरा होता," तो म्हणाला.

"होता ना?"

"जीव खाऊन अडवला मी. कुठून शिकलास?"

"झोपून."

तो हसला, पण हसू गालापर्यंत येऊन थांबलं. मला एकदम त्याच्या वरच्या मजल्यावरचं न वाजणारं दार आठवलं. उठावं की बसून राहावं, कळेना. उठलो असतो तर तो घरी गेला असता.

मी तिथूनच मान वळवली. "चेअरमनसाहेब, जॉइंट सेक्रेटरी असं काही असतं का?"

बागूलांनी उपविधींची पुस्तिका चाळली. दाणी वहिनी आ वासून बघत होत्या, पण त्यांना संशय कोणावर घ्यावा ते ठरवता येत नव्हतं.

"असतो," बागूल म्हणाले. "पण त्याला सहीचा अधिकार नसतो आणि मानही नसतो. नुसती कामं असतात. कोणी होत नाही."

माझ्या खालून हालचाल झाली. क्षेमकल्याणी कोपरावर उठायला बघत होता.

"चालेल," तो म्हणाला. "तू ऊठ आधी माझ्यावरून. बी विंगची लिफ्ट सकाळपासून बंद आहे."